निळी घाण

सोमवार, ३ तारीख
सासऱ्यांची गाडी आज आपल्या दारात आली. चोवीस वर्षांची, निळी, अजून पहिल्या झटक्यात सुरू होते. गुरुवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उजवा मागच्या महिन्यातच झाला. दोन वर्षं गाडी चालवता आली नाही म्हणून माणूस खंगलाय. दिसायला लागलं की पहिली चक्कर मीच मारणार, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. तोवर गाडी माझ्याकडे. सूचना एकच: रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा जावईबापू, बाकी काही करू नका.

'बाकी काही' म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी स्पष्ट केलेलं नाही.

मंगळवार, ४
गाडी नीट पाहिली. रंग पार विटलाय. ऑफिसात तपासणी विभागात मला एकवीस वर्षं झाली, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सासऱ्यांना इतके दिवस सगळंच धूसर, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. डोळा उघडणार आणि समोर काय, तर ही कळकट गाडी? छे!

निश्चय: मशीन आणून गाडी पॉलिश करणे. बॉनेटमध्ये तोंड बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला पाहिजे. मग म्हणतील, जावई असावा तर असा. अठरा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत.

हिला सांगितलं नाही. सांगितलं की ती मिक्सर दुरुस्तीचा विषय काढते.

बुधवार, ५
पॉलिशिंगचे चार व्हिडिओ पाहिले. म्हणजे अडीच. उरलेल्यात तेच असणार.

गुरुवार, ६
ऑपरेशन उत्तम झालं. ही दहा दिवस माहेरी राहणार, दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे आहेत. घरी मी एकटा. योग जुळून यावे लागतात.

शुक्रवार, ७
मशीन आणलं. दुकानदार एक लहान, हळू फिरणारं मशीन गळ्यात मारत होता. म्हणे नवशिक्यांना बरं, याने रंग जळत नाही. मी म्हटलं, नवशिका कोण? मोठं घेतलं, गॅरेजवाले वापरतात ते. गाडी किती जुनी, असं त्याने विचारलं. त्याला काय करायचंय? मग म्हणाला, आधी एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्याला रंग लागतो का ते. हो हो म्हटलं. या लोकांना बोलायची सवय असते.

शनिवार, ८
व्हिडिओत सांगतात, आधी भंगारातल्या पत्र्यावर सराव करा. भंगार नव्हतं. फ्रिजच्या दारावर केला.

मशीनला जोर बराच आहे. हातातून निसटून स्वयंपाकघरात एक फेरी मारून आलं. कंपाउंडचे, म्हणजे पॉलिशच्या लेपाचे, शिंतोडे छतापर्यंत. फ्रिजवरचं कंपनीचं नाव पुसलं गेलं, पण ते वाचत कोण होतं? दार मात्र लखलखतंय. एका बाजूने.

हिचा फोन आला. सासरे विचारत होते, इंजिन चालू करताय ना. विसरलो होतो. हो म्हणालो.

रविवार, ९
सकाळपासून गाडीच्या काचांना, दिव्यांना टेप लावली. पाठ धरली. दुपारी झोप.

पाचला प्रत्यक्ष कामाला सुरुवात. व्हिडिओवाला म्हणतो, मशीनच्या फिरत्या पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चारच थेंब घ्या. इतका चिकटपणा करून कामं होत नसतात. अर्धी बाटली ओतली आणि मशीनचा वेग पाचवर लावला. शिंतोडे उडाले ते असे: शेजारीणबाईंच्या दोरीवरच्या दोन चादरी, एक उशीचा अभ्रा आणि स्वतः बाई. हे निघेल का, असं त्यांनी फार चढ्या आवाजात विचारलं. त्यांना समजावलं की याने वस्तू फक्त उजळतात. आजचं काम तिथेच थांबलं.

मंगळवार, ११. सकाळी ९
पोटात दुखतंय असं ऑफिसला कळवलं. पोट ठणठणीत आहे.

दुपारी १२
चमत्कार! पांढरा पॅड दहा मिनिटांत निळाशार झाला. चोवीस वर्षांची घाण आहे ही! सासरे दर रविवारी गाडी धुवायचे म्हणून केवढा तोरा. काय धुवायचे कोण जाणे. पॅड बादलीत पिळला, पाणी निळं. पुन्हा घासलं, पुन्हा निळं. घाण निळी असते हे मला माहीत नव्हतं. माणूस रोज नवीन काहीतरी शिकतो.

बुधवार, १२
आजही पोटात दुखतंय. तीन बादल्या घाण काढली. तिन्हींचे फोटो काढून ठेवले, सासऱ्यांना दाखवायला. जितकं घासावं तितकी निघते. आता ती संपेपर्यंत थांबायचं नाही. मशीन सहावर.

गुरुवार, १३
बॉनेटच्या मधोमध, जिथे पत्र्याला उंचवटा आहे तिथे, राखाडी झाक आली आहे. चांदीसारखी. मूळ धातूचं तेज वर येतंय असा अंदाज. मात्र एकाच जागी आल्यामुळे ते जरा डागासारखं दिसतं. आजूबाजूलाही तेवढंच घासून एकसारखं करावं लागेल.

संध्याकाळी ६
एकसारखं करता करता झाक ताटाएवढी झाली. तेज म्हणावं तसं वाटत नाही.

शुक्रवार, १४
कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पेंटर आपण होऊन बघायला आला. मी बोलावलं नव्हतं. त्याला तीन बादल्यांचे फोटोही दाखवले. मग म्हणाला, साहेब, अशा जुन्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसतो, उघडा रंगच असतो. पॅडला लागली ती घाण नव्हे, तो रंग. तुम्ही गाडीचा रंग तीन बादल्या भरून गटारात ओतलात. आणि हे राखाडी दिसतंय ते प्रायमर, रंगाखालचं अस्तर.

एका उडवाउडवीच्या उत्तरावर त्याला वाटेला लावला. आपलं आपण कोणी काम केलं की यांच्या पोटावर पाय येतो.

तरी पण एकदा पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात घासून पाहिलं. फडकं निळं.

पेंटरकडे परत गेलो. तो म्हणाला, बॉनेट पूर्ण रंगवायला हवं, निदान चार दिवस. सासरे परवा येणार आहेत.

शनिवार, १५
नवी योजना. गाडीवर सगळीकडे सारखी धूळ बसली तर डाग उठून दिसणार नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उघड्यावर नेऊन ठेवली आणि धुळीची वाट बघत बसलो. एरवी खिडकी उघडली की घरभर धूळ. आज वारा नावाला नाही.

चारला शेजारीणबाई आल्या. हळूच म्हणाल्या, भाऊजी, जे झालंय ते सासऱ्यांना सांगून टाका. बाईंच्या डोक्यात चादरींचा राग आहे. योग्य वेळ बघून सांगणारच आहे.

रविवार, १६. दुपारी ३
सकाळी दहाला ही आणि सासरे रिक्षाने आले. सासरे काय खुशीत! येता येता सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचल्या म्हणे. औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचून दाखवली. मला बघून म्हणाले, जावईबापू, तुमचे केस पिकलेत, मला कोणी सांगितलं नाही.

ही पिशव्या घेऊन घरात गेली. सासऱ्यांनी काळा चष्मा काढला आणि गाडीकडे चालत गेले. बॉनेटसमोर थबकले. डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा. डोळे मिटून उघडले. पुन्हा एक एक झाकला. मला वाटलं आता गरजणार. पण ते मागे सरकत सरकत आले आणि पायरीवर बसले. चेहरा उतरलेला. मला म्हणाले, मधोमध पांढुरकं दिसतंय हो. दोन्ही डोळ्यांनी. पहिल्यासारखं परत आलं बहुतेक.

मी सांगणारच होतो. खरंच. तोंडही उघडलं. तेवढ्यात ही धावत आली, बाबा काय झालं म्हणून त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. तिचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. डॉक्टरांचा फोन लागेना, रविवार. शेवटी निरोप मिळाला, उद्या सकाळी या, तोवर डोळ्यांना आराम द्या. अशा घाबरलेल्या माणसाला भलतंसलतं सांगून आणखी त्रास कशाला?

बाहेर जाऊन गाडीवर कव्हर घातलं. ऊन फार होतं.

सासरे जेवले नाहीत. डोळे मिटून पडलेत. हिला म्हणाले, गाडी विकून टाकूया, उगाच आशेवर राहिलो.

सोमवार, १७
डॉक्टरांनी तासभर तपासलं. दोन्ही डोळे उत्तम. सासऱ्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. मग डॉक्टरांनी विचारलं, डाग दिसला तो कुठे? गाडीवर, असं सासरे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मान हलवून बघा. डाग तुमच्याबरोबर हलला तर तो डोळ्यात. जागीच राहिला तर गाडीवर.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. रिक्षात तर भरपूर वेळ होता.

घरी आल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कव्हर ओढलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग जवळ जाऊन राखाडी पत्र्यावरून बोट फिरवलं आणि हसायला लागले. हसता हसता भिंत धरावी लागली, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, अहो, माझे डोळे चांगले आहेत! मी घाईघाईने तीन बादल्यांचं सांगितलं, त्यांच्यासाठीच केलं हेही सांगितलं. ते म्हणाले, असू द्या हो जावईबापू, पत्राच आहे. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मीही हसलो.

ही हसत नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा काल रात्रभर जागे होते. आता आंधळाच होणार म्हणून माझ्याकडे लहान मुलासारखे रडले. रंगाचं मला काही नाही. काल ते पायरीवर बसले, तेव्हा तुला माहीत होतं का, तेवढंच सांग.

मी म्हणालो, तसं बघायला गेलं तर... तिने हात वर केला. मग मी हो म्हणालो.

तिने आणलेल्या पिशव्या तशाच उचलल्या. सासऱ्यांनी पहिल्या झटक्यात गाडी काढली, आरसा नीट केला, वळताना दिवासुद्धा दिला आणि खिडकीतून मला हात केला. ही शेजारी बसली होती. तिने नाही केला.