तोटी वेळेआधी फिरवल्यामुळे नापास ठरलेल्या ट्रॅक्टरच्या फेरतपासणीबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
जुनी वाहने विभाग,
जिल्हा वाहन तपासणी केंद्र.

अर्जदार : एस्किल्ड थॉगर्सन, निवृत्त ग्रंथपाल, वय ७९, मु. व्हेस्टरकेअर, मोर्स बेट, उत्तर जटलंड.

विषय : सन १९४९ च्या ट्रॅक्टरची २८ सप्टेंबरपूर्वी फेरतपासणी होणेबाबत.

संदर्भ : आपले निरीक्षक श्री. रावनहोल्ट यांचा दि. १२ ऑगस्टचा शेरा (दोन शब्द).

महोदय,

हा अर्ज मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीचे तीन फार लांबले आणि त्यांत तळटिपा होत्या. हाही लांबला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा.

सदर ट्रॅक्टर मी २००१ साली श्रीमती एलिन क्विस्ट यांच्या गोठ्यामागच्या झुडपांतून काढून आणला. त्यांच्या वडिलांनी तो नवा घेतला होता. पिस्टन गंजून इतका घट्ट बसला होता की सुटायला चौदा महिने लागले. रोज सकाळी थोडे तेल सोडायचे आणि वाट पाहायची. हे काम ग्रंथपालाला जमण्यासारखे होते. उजवे मडगार्ड शेजारच्या गावात कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून सापडले. एलिनबाई दर नाताळला येत आणि म्हणत, "एस्किल्ड, लग्न करायचं मनावर घेतलं असतंस तर एव्हाना नातवंडं अंगणात खेळली असती." मी हसत असे. असे तेवीस वर्षे हसलो. गेल्या मे महिन्यात इंजिन सुरू झाले.

एलिनबाई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. २८ सप्टेंबरला त्या शहरातल्या वृद्धाश्रमात जात आहेत आणि घर विकले गेले आहे. त्याआधी ट्रॅक्टर एकदा त्यांच्या अंगणात चालवत न्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. मधे चार किलोमीटर सरकारी रस्ता आहे. आपला दाखला नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर रस्ता नाही.

तपासणीसाठी श्री. रावनहोल्ट माझ्या शेडमध्ये आले. त्यांचे बूट अतिशय स्वच्छ होते. हा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू होतो आणि रॉकेलवर चालतो. रेडिएटरवर पडदा ओढून इंजिन तापू द्यायचे, काटा खुणेवर आला की मगच तोटी रॉकेलकडे फिरवायची. ही रीत टाकीजवळच्या पितळी पट्टीवर चार ओळींत कोरलेली आहे आणि ती पट्टी मी घासून लख्ख केली होती. श्री. रावनहोल्ट यांनी तिच्यावर आपली फाइल टेकवली, इंजिन सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नसतील तोच तोटी फिरवली, पांढरा धूर झाला, इंजिन खोकून बंद पडले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजोबा, यात जिरेनियमची फुलझाडं लावा. छान दिसेल." मग लिहिले : "यंत्र निकामी." आपल्या विभागात नेमणुकीसाठी वाचता येण्याची अट नसावी, असा माझा समज झाला आहे. चुकीचा असल्यास क्षमा असावी.

सरकारी माणूस निकामी म्हणतो म्हणजे माझेच काही चुकले असणार, असे धरून मी सगळे इंजिन पुन्हा उघडले. तीन आठवडे बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर सुटे भाग मांडले होते आणि मी स्वयंपाकघरात झोपत होतो. दोष सापडला नाही. या मूर्खपणात श्री. रावनहोल्ट यांचा वाटा नाही. तो सर्वस्वी माझा आहे.

नंतर मी एलिनबाईंकडे जाऊन झाले ते सांगितले. त्यांनी विचारले, "पडदा ओढला होतास?" मी हो म्हणालो. "काटा कुठे होता?" अर्ध्यावरही नव्हता. "आणि तू कुठे होतास?" मी तिथेच शेजारी उभा होतो. यावर त्या उठल्या. माझ्यासमोरचा कॉफीचा कप उचलून घेऊन गेल्या. तो अर्धा भरलेला होता. तेराव्या वर्षी त्या हाच ट्रॅक्टर चालवत आणि तोटी लवकर फिरवल्याबद्दल वडिलांची चापट त्यांनी एकदाच खाल्ली होती. आपल्या निरीक्षकांच्या वडिलांकडे ट्रॅक्टर नसावा.

श्री. रावनहोल्ट यांचा हात तोटीकडे जाताना मला दिसला होता. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. एकेचाळीस वर्षे मी लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतला. त्या दिवशी तो स्वतःच्या अंगाशी आला. आपल्या निरीक्षकांना चार ओळी वाचता आल्या नाहीत आणि मला एक शब्द बोलता आला नाही. या दोघांत अधिक निकामी कोण, याचा निर्णय आपल्याकडून मागत नाही.

सबब विनंती की, २७ सप्टेंबरपर्यंत फेरतपासणी व्हावी आणि त्यासाठी श्री. रावनहोल्ट यांनाच पाठवावे. नवा माणूस आला तर मला नव्याने भीती वाटेल. काटा खुणेवर येण्याआधी त्यांचा हात तोटीकडे गेला, तर मी मोठ्याने "थांबा" म्हणेन. ही त्याची आगाऊ सूचना समजावी. माझ्या तोंडून तो शब्द न निघाल्यास ट्रॅक्टर खुशाल नापास करावा. जिरेनियमची रोपे मी आणून ठेवली आहेत.

तेव्हा शेजारी उभा असलेला,
एस्किल्ड थॉगर्सन
(सही)
दि. ९ सप्टेंबर २०२४

सोबत : पितळी पट्टीवरील चार ओळींची नक्कल, मोठ्या अक्षरांत.