बोगद्यातल्या फोटोवरचे पट्टे

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत झोपता, ते मामींकडून कळवावं (तुम्ही स्वतः कळवलंत तर ‘ठणठणीत’ एवढंच कळवाल, म्हणून मामींकडून). मी बरा आहे. साइटवरच्या खोलीत ओल आहे, पण तिच्याशी आता माझं जमलं आहे.

पत्रास कारण तुम्ही दिलेला कॅमेरा. त्याला काहीही झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटेल. मलाही आठवडाभर वाटत होतं.

गेल्या महिन्यात आमचा पाण्याचा बोगदा आरपार झाला. चार वर्षं डोंगर पोखरून झाल्यावर शेवटचा दगड पडतो आणि पलीकडून ऊन आत येतं, तो क्षण टिपायला मोठ्या साहेबांनी शहरातून फोटोग्राफर बोलावला होता. तो आदल्या दिवशी जागा बघायला आला, दोनशे पावलं आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला की बंद जागेत त्याचा जीव गुदमरतो. (बोगद्याचं काम घेण्यापूर्वी ही गोष्ट आठवायला हरकत नव्हती.) मग साहेबांना आठवलं, की मोजणीवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, एक कॅमेरा आहे.

इथे एका माणसाबद्दल सांगायला हवं. ड्रिल चालवणाऱ्या टोळीत सगळ्यात वयस्कर जे आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. एकतीस वर्षांत हा त्यांचा नववा बोगदा आणि शेवटचा. तो झाला की निवृत्ती. माझ्या गळ्यात कॅमेरा बघून त्यांनी मला वाटेत थांबवलं. “घरच्यांना कधी आत आणता आलं नाही,” ते म्हणाले. “मी नेमकं काय करतो ते बायकोनं पाहिलेलंच नाही. नऊ बोगद्यांत माझा एक फोटो नाही. हा तरी नीट येईल ना?” मी म्हटलं, “येणारच. माझे मामा स्टुडिओवाले आहेत.” मामा, तुमचं नाव मी असं वाटेल तिथे वापरतो, त्याबद्दल एकदाची माफी मागून ठेवतो.

सकाळी अकराच्या सुमारास दगड पडला. मोजणीच्या तिवईवर कॅमेरा घट्ट बसवला होता. समोर भोक, त्यातून डोळे दिपवणारं ऊन, आणि अलीकडे काळोखात चाळीस माणसं. तुमचा नियम मला तोंडपाठ: उजेड जपावा, अंधार मागाहून उजळता येतो. मी उजेड जपला. इतका जपला की पलीकडच्या टेकडीवरचं झुडूप न् झुडूप आलं. बटणावरचं बोट मात्र घाबरून तसंच दाबलेलं राहिलं आणि एकाऐवजी अकरा फोटो निघाले.

दुपारी कॉम्प्युटरवर बघितलं तर झुडपं अप्रतिम आणि माणसं म्हणजे डांबर. मी म्हटलं हरकत नाही, मामांनी सांगूनच ठेवलंय. उजळलं. आणखी उजळलं. चार स्टॉप, म्हणजे चार वेळा दुप्पट, उजळल्यावर चेहरे वर आले, पण त्यांच्यासोबत आडवे पट्टेही आले. बारीक, समांतर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चाळीस माणसं पडद्याच्या पट्ट्यांआडून बघितल्यासारखी. मोठे साहेब तर तुरुंगाच्या गणवेशात उभे असल्यासारखे दिसत होते (बांधकाम खात्यात हे फार बरं दिसत नाही). आणि काकांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मी सतरा पट्टे मोजले.

डोंगराला काही पुन्हा भोक पाडता येत नाही. त्यामुळे मला आधी घाम फुटला. पण खरं सांगू का, मामा, दुसऱ्या दिवसापासून घामापेक्षा कुतूहलच जास्त होतं. हे पट्टे आले कुठून? ज्याला विचारावं त्याचं वेगळंच उत्तर. मुकादम म्हणाला, धूळ. पण धूळ एका रांगेत उभी राहत असती तर त्यानंच माणसांऐवजी धुळीला कामावर ठेवलं असतं. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं जरा बरं होतं: आतले दिवे डोळ्यांना कळणार नाही असे लुकलुकतात, त्याचे पट्टे येतात. मी त्याच्या हातापाया पडून जेवणाच्या सुट्टीत दिवे दहा मिनिटं बंद करायला लावले आणि नुसत्या उन्हावर फोटो काढला. उजळला. पट्टे हजर.

तेव्हा मी आमच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे एक बाई आहेत; सुरुंग उडवला की डोंगर किती हादरला ते मोजणाऱ्या यंत्रांवर त्यांची नेमणूक आहे. त्यांनी माझा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “झाकण लावून काढलाय का कधी?” मला वाटलं चेष्टा चालली आहे. पण त्या गंभीर होत्या. म्हणून लेन्सला झाकण लावून मी काहीही नसल्याचा फोटो काढला आणि तो उजळला. मामा, त्या काहीही नसण्यावरसुद्धा पट्टे होते.

मग बाईंनी समजावलं ते असं. कॅमेऱ्यातला सेन्सर उजेड ओळीओळीनं वाचतो, आपण पुस्तकाचं पान वाचतो तसा. प्रत्येक ओळ वाचताना त्याची किंचित चूक होते, कुठे चिमूटभर जास्त, कुठे कमी. भरपूर उजेडात ती चूक कोणाच्या खिजगणतीत नसते. पण काळोख्या भागात मुळात उजेडच चिमूटभर. तो सोळापट वाढवला की चूकही सोळापट वाढते आणि ओळी उघड्या पडतात. “हादरे मोजताना आमचंही असंच होतं,” त्या म्हणाल्या. “जमीन गप्प असली की यंत्राची स्वतःचीच कुजबुज ऐकू येते.” तेव्हा तुमचा नियम खराच आहे, मामा, पण दोन स्टॉपपर्यंत. त्यापुढे तो (आदरपूर्वक लिहितो) माणसांना गजाआड टाकतो.

उपायही बाईंचाच. यंत्राच्या चुकीचा जो भाग दर वेळी सारखा येतो, तो झाकणाच्या फोटोंवरून कळतो. तेवढा वजा करायचा. जो दर वेळी बदलतो, तो अकराही फोटोंची सरासरी काढली की विरून जातो. झाकण लावून मी बावीस फोटो काढले (स्टोअरचा कारकून दारात उभा राहून बघत होता, त्यानं साइटभर काय सांगितलं ते लिहीत नाही). तीन संध्याकाळी आम्ही हिशेब करत बसलो. पट्टे गेले. साफ गेले. पण सरासरीला एक खोड असते: अकरा फोटोंत जो हलला तो पुसट होतो. टाळ्या वाजवणारे धुकं झाले. मोठे साहेब दोन्ही हात उंचावून चौफेर वळत होते, ते नुसता धूर झाले; त्या धुरात चष्मा तेवढा ओळखू येतो. आणि मधोमध, भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कडेला, एकच माणूस दगडासारखा स्पष्ट: काका. सुरकुत्या, भुवयांवरची भुकटी, ड्रिलवर टेकवलेला हात. कोणी त्यांना फोटोसाठी हलू नका असं सांगितलं असावं, आणि ते हलले नाहीत.

साहेबांना मी पट्ट्यांचा फोटो दिला. धुरापेक्षा तुरुंग बरा, असा विचार केला. त्यांनी तो अहवालात छापला आणि पट्टे मुद्दाम काढलेली नक्षी आहे असं समजून माझं कौतुक केलं. काकांना सरासरीचा फोटो मोठा करून दिला. ते खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बायको म्हणणार, हा माणूस तोंड धुऊन का नाही उभा राहिला.” फोटो त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवला आणि निवृत्त होऊन गावच्या बसमध्ये बसेपर्यंत एक हात वरून तसाच धरून होते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्या नियमाबद्दल वर लिहिलं आहे ते मनावर घेऊ नका.

ता. क. २. वर सगळीकडे ‘बाई’ लिहिलं आहे त्यावरून मामींना कोणी पोक्त, चष्मेवाल्या बाई डोळ्यांसमोर येतील. वय एकोणतीस आहे. त्या तीन संध्याकाळी झाल्या, मग आणखी बऱ्याच झाल्या, आणि त्यांत फोटोचं काम नव्हतं. आईशी हा विषय कोणी काढावा याचा विचार करता तुमच्याखेरीज दुसरं नाव सुचत नाही. पत्र खरं म्हणजे एवढ्याचसाठी होतं.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी पत्र तिला वाचायला दिलं. पट्ट्यांचं कारण मी फार ढोबळ लिहिलं आहे, मोजणीवाल्याला शोभत नाही, असं तिचं मत पडलं. दुसऱ्या ता. क.मधल्या ‘एकोणतीस’चे गेल्या आठवड्यात तीस झाले, असंही तिनं सांगितलं. बाकी मजकूर तसाच जाऊ दे म्हणाली.