अकरा नावांचा खुलासा

भंडारा,
दि. २५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मंगलाताई,

सप्रेम जयभीम.

करडीला सगळे बरे असतील. उन्हाळी धानाची रोवणी आटोपली असेल. मी ठीक आहे. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून येतो.

शाळेचं काय सांगू? भावना गेल्यापासून तिची चौथी माझ्या तिसरीतच बसते. एक खोली, एक फळा, त्रेपन्न मुलं. नगर परिषदेकडे शिक्षक मागितला, अजून मिळालेला नाही. संध्याकाळी घरी आलो की दिवा न लावता बराच वेळ तसाच बसून राहतो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या फोटोला हार घातल्यावर, तुम्ही मला विचारलं होतं, "भाऊजी, माही बहीण शेवटी शेवटी तुमच्यासंग बोलत काहून नोती?" मी "काही नाही" म्हणालो. तुम्ही उठून गेलात. त्यानंतर आपलं बोलणं नाही.

तिच्या वर्गात रंजू म्हणून एक मुलगी आहे, नदीकाठच्या मासेमारांच्या वस्तीतली. दिवाळीनंतर एकदा मी तिला धडा वाचायला लावला. घडाघडा वाचत गेली. पान संपलं, तरी तिचं वाचन थांबेना.

मी म्हणालो, "पान तर उलटलंच नाहीस."

"सर, हा धडा मले पाठ हाय. पण दुसरा नोका देऊ."

सगळी मुलं हसली. मी विचारलं, मॅडम कसं शिकवायच्या?

"मॅडम खाली बसत होत्या. तुमी खुर्चीवरून इचारता तं मले भेव लागते."

मी सतरंजीवर बसलो. मागून एक मुलगी म्हणाली, "आता सरले उचलाले चार जन लागतीन!" पुन्हा हसणं. मी रंजूला विचारलं, घरी कोणता मासा आणतात? "मरळ." फरशीवर खडूने तेवढंच लिहिलं. ना काना, ना मात्रा. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. मुलांपुढे पुस्तक सरकवायचं, एवढंच येत होतं.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मागच्या मार्चमध्ये कोणत्या मुलाला वाचता येतं, कोणाला नाही, याची नोंद मोबाईलवर भरायची होती. सगळ्या शिक्षकांच्या नोंदी मीच भरत असे. भावनाने तिच्या तेव्हाच्या तिसरीतल्या अकरा नावांपुढे 'वाचता येत नाही' असं लिहून कागद दिला. रंजू त्यातलीच. भावनाला नोटीस येईल म्हणून मी अकराही नावांपुढे 'येते' दाबलं. तिला विचारलं नाही. मला तसं करायला कोणी सांगितलंही नव्हतं.

उन्हाळ्यात कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग आणि पुस्तकं आली. तिच्या मुलांना काहीच मिळालं नाही. ती शिक्षण विभागाच्या कार्यालयात विचारायला गेली, तेव्हा तिला नोंद दाखवली. घरी येऊन म्हणाली, "तुमी त्या अकरा पोराईले एका बोटानं पास करून टाकलं. आता त्याईले शिकवीन कोन?"

जूनपासून शाळा सुटल्यावर ती स्वतःच त्यांना घेऊन बसायची. माझ्याशी भाजी कोणती करू, एवढंच बोलायची. सप्टेंबरच्या तापात पाच दिवसांत गेली. माफी मागायची राहून गेली.

अकरांपैकी चौघं आता वाचतात. सात जण नाही. यंदा मी खरं भरलं. लगेच कार्यालयाने खुलासा मागितला, मागच्या वर्षी वाचणारी मुलं यंदा विसरली कशी?

मुख्याध्यापक केवळराम सर म्हणाले, "नोंद मॅडमच्या नावानं हाय. त्याईचीच चूक झाली म्हनून लिहून द्या. आता त्याईले कोन इचारते?" वाईट मनाने बोलले नाहीत. मी तसा कागद लिहिलाही. दोन दिवस तो माझ्या खिशात होता. हेही तुम्हाला माहीत असावं.

आज सकाळी दुसरा लिहून दिला. वेतनवाढ थांबेल, चौकशीही लागेल. त्यात तिचं नाव एकाच वाक्यात आहे. 'श्रीमती भावना यांनी अकराही नावे बरोबर लिहून दिली होती, त्यात बदल मी केला.'

करडीला येऊन तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढं धैर्य झालं नाही. उद्यापासून त्या सात जणांच्या घरी जाऊन मात्र तोंडावरच सांगायचं आहे.

तुमच्या बहिणीच्या वर्गाचा शिक्षक,
संघपाल