मडगार्ड कुणाकुणाला हवंय

दि. ३ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज तेल लावता असं लिहिलंत, पण लावत नसणार हे मला इथे बसून दिसतंय. ठकीचे पुढचे दोन्ही दात पडलेत आणि ती रिकामी जागा सगळ्या गल्लीला दाखवत हिंडते आहे. बाकी आम्ही दोघी बऱ्या आहोत.

एक विचारायचं होतं. घरमालकीणबाईंना मागची खोली एप्रिलअखेर परत हवी आहे, म्हणून तुमच्या लेकाची ट्रंक उघडली. त्याला जाऊन सोळा महिने झाले तरी माझा हात तिकडे गेला नव्हता. आत घोंगडीत गुंडाळलेला फायबरचा साचा निघाला, डाव्या पुढच्या मडगार्डचा. तुमच्या त्या जुन्या दोन दारांच्या गाडीवरून त्याने आपल्या वर्कशॉपमध्ये काढला होता, तोच. सोबत यादी होती. तसल्याच गाड्या बाळगणाऱ्या चाळीस जणांची नावं, पत्ते, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन, होकार आला की खूण करायला. वर लिहिलंय, वीस झाले की काम सुरू. चाळीसच्या चाळीस चौकोन रिकामे आहेत.

ते दिवस मला आठवतात. चाळीस पत्रं पाठवली होती त्याने आणि नाही म्हणायलासुद्धा कुणाचं उत्तर आलं नव्हतं.

त्याच्या बोटींच्या कारखान्यातले मुकादम परवा येऊन साचा बघून गेले. तो परांचीवरून पडला तेव्हा ज्यांनी त्याला उचललं ते हेच. साच्यावरून बराच वेळ हात फिरवत होते. काम एक नंबर आहे म्हणाले. गिऱ्हाईक असेल तर सुटीच्या दिवशी ते फायबर चढवतील, कडा घासणं आणि पाठवणं मी करायचं. दिवसभर बोटींच्या गाद्या शिवून माझी बोटं आंबून जातात, बाबा. काहीतरी स्वतःचं असावं असं वाटतं. पण आधी मागणी किती ते बघा, त्याशिवाय रेझिनचा डबा उघडायचा नाही, असं मुकादमांनी बजावलंय. गिऱ्हाईक नसेल तर साचा फोडून खोली रिकामी करते.

तुम्हाला हा बाजार माहीत आहे. असे भाग आज कुणाला हवे असतील का, खरं खरं कळवा. माया आहे ती अशीच राहू दे.

तुमची,
सूनबाई

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तेल लावतो. कधी कधी लावतो. गाडीच्या मागच्या सीटवर मांजरीने संसार थाटलाय, त्यामुळे सध्या गाडीची मालकी तिच्याकडे आणि मी भाडेकरू. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर तिच्याशीच भांडतो.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. फायबर बादल्यांना ठीक, पाण्याच्या टाक्यांना ठीक. गाडीच्या अंगावर टिचकी मारली की पत्र्याचा आवाज यायला हवा. आमच्या चिरंजीवांना हे मी शंभर वेळा सांगितलं होतं. बघ, चिरंजीव लिहून गेलो. हाताला अजून कळत नाही.

त्या यादीच्या नादी लागू नकोस. तेव्हाच ती माणसं म्हातारी होती, आता कोण आहे कोण नाही, पत्ते बदलले असतील. कुणाला काही लिहू नकोस, उगाच तुझ्या जिवाला घोर. साचा मात्र फोडू नकोस, वाहतुकीच्या ट्रकने इकडे पाठव, मी ठेवतो.

ठकीला पापा. म्हाताऱ्याला आठवत जा.

तुझा,
बाबा

*

दि. ९ मार्च

ती. स्व. बाबांस,

सा. न. वि. वि. रागावू नका, मी तुमचं ऐकलं नाही. चाळीसही जणांना लिहिलं, सोबत पत्ता घातलेलं एकेक कार्ड जोडलं. फार तर काय होईल, चौकोन रिकामे राहतील, ते तर आहेतच, असं म्हटलं आणि पेटीत टाकून आले.

आणि बाबा, आठव्या दिवशी पहिलं कार्ड आलं! आजपर्यंत चौदा होकार आलेत, तीन नकार. एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांना दोन्ही बाजूंची हवीत. एका निवृत्त तिकीट तपासनिसांनी मडगार्डच्या जागी बिस्किटांचा डबा कापून ठोकलाय आणि पोलिसांनी दोनदा थांबवून त्यांचं कौतुक केलं म्हणे. एका बाईंनी लिहिलंय की गंजलेलं मडगार्ड वाटेत गळून पडेल या भीतीने त्यांचे यजमान रविवारी गाडी काढतात ती अंगणातल्या अंगणात दोन फेऱ्या मारायला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, मग नुसतंच पाणी राहिलं. हे सगळं त्याने वाचायला हवं होतं.

एक कोडं मला सुटत नाही. तीन वर्षांपूर्वी याच माणसांनी त्याला उत्तर का दिलं नाही? त्याच्या पत्राचा कच्चा कागद ट्रंकेत सापडला. माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं लिहिलंय. आपला होकार महिनाअखेर कळवावा, अशी विनंती केली आहे. त्या महिन्यात तो पोस्टमनच्या वाटेकडे कसा डोळे लावून बसायचा ते तुम्हीही पाहिलंय.

उजव्या बाजूचा साचा करायला तुमच्या गाडीचं उजवं मडगार्ड लागेल. द्याल ना? मांजरीची परवानगी मी वेगळं पत्र लिहून मागते. लोभ होता तेवढा आहे ना, तेवढंच पुरे.

तुमची,
सूनबाई

*

दि. १७ मार्च

चि. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

चौदा म्हणजे खूप झाले. आनंद वाटला. उजवं मडगार्ड काढायला घेतलंय, एक पोचा आहे तो ठोकून सरळ करतो आणि पाठवतो.

तेव्हाचं म्हणशील तर टपालात गडबड झाली असेल. कधी कधी वेळच यावी लागते. फार उगाळू नकोस. हात दुखतोय म्हणून आवरतं घेतो. जपून राहा.

तुझा,
बाबा

*

दि. ३० मार्च

ती. स्व. बाबांस,

सा. न. वि. वि. हात कसा आहे? दाखवून या.

होकार तेवीस झाले. मुकादमांनी रेझिनचा डबा आणलासुद्धा आणि मी घरमालकीणबाईंकडे फाटकाजवळची पडवी मागितली, त्या तयार आहेत. सगळं जमून येतंय, आणि तरी माझं लक्ष दुसरीकडेच आहे.

आभाराच्या पत्रांत मी सगळ्यांना सहज विचारलं होतं की मागच्या वेळी आमचं काय चुकलं. सहा जणांनी लिहिलं की मागच्या वेळी पत्र आलंच नाही. दाताच्या डॉक्टरांकडे आलेलं प्रत्येक पत्र फायलीत असतं, त्यांनी फाईल उघडून बघितली. पत्र आलं असतं तर त्याच दिवशी होकार पाठवला असता म्हणाले.

बाबा, एखादं पत्र हरवेल, चार हरवतील. चाळीस कशी हरवतील? मला आठवतंय, त्या सोमवारी तुम्ही रंग आणायला बाजारात निघाला होतात म्हणून त्याने तो गठ्ठा तुमच्या पिशवीत घातला होता. तुम्ही तो कुठल्या पेटीत टाकलात? कुणाला टाकायला दिलात का? मी नुसतं विचारते आहे. मनात काही नाही, पण झोपताना हेच डोक्यात येतं. एका ओळीने कळवा.

तुमची,
सूनबाई

*

दि. ८ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

एका ओळीचंच आहे. मी ती पत्रं टाकली नाहीत.

पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हाच लिहायला हवं होतं. लेखणी रेटली नाही. उलट तुला म्हटलं लिहू नकोस, आणि टपालावर ढकललं. साठी उलटलेला माणूस खोटं बोलायला लागला की किती सफाईने बोलतो बघ.

त्या सोमवारी सकाळी आमची वाजली होती. तो म्हणाला होता की पत्र्याचे दिवस आता संपले. रागाने नव्हता बोलला, हिशोब सांगावा तसं सांगितलं, आणि तेच मला झोंबलं. चाळीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकतोय मी. त्याला हातोडी कशी धरायची ते मी शिकवलं. पेटीपाशी जाऊन उभा राहिलो, गठ्ठा हातात होता. म्हटलं, राहू दे आठवडाभर, जरा जिरू दे याची. परत आलो आणि हत्यारांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, पॉलिश पेपरच्या खाली ठेवला. देवाशपथ सांगतो, आठवड्याने टाकणार होतो.

पोस्टमन दिसला की तो हातातलं काम टाकून दाराशी जायचा. मी तेवढा वेळ जोरजोरात ठोकत राहायचो. आज टाकतो, उद्या टाकतो करत महिना संपत आला आणि एके दिवशी खरंच गठ्ठा घेऊन निघालो. तेव्हा आठवलं की आत महिनाअखेरची मुदत घातलीय, उत्तराला जेमतेम तीन दिवस उरले होते. आता टाकली तर लोक विचारणार इतक्या उशिरा कशी, त्याला कळणार, तो मला विचारणार. गठ्ठा परत कपाटात गेला. त्याला तोंड द्यावं लागू नये म्हणून मी त्याचं सगळं बुडवलं.

नंतर एका संध्याकाळी त्याने सांगितलं की बोटींच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, जाऊ का. कपाट माझ्यापासून चार हातांवर होतं. मी म्हटलं, जा, जग बघ.

त्याची बातमी आली त्यानंतर मी त्यातलं एक पत्र फोडलं. त्यात लिहिलंय, प्रत्येक मडगार्ड माझे वडील स्वतः तपासून देतील, त्यांच्या हातांना कळतं ते मापपट्टीला कळत नाही. मला न विचारता माझा शब्द देऊन टाकला होता त्याने. मी तेव्हाच ते पत्र वाचलं असतं तर धावत जाऊन टाकली असती सगळी.

मी त्याला पाठवला तिकडे. परांचीवर मीच चढवला. माझ्यावर चिडून गेला पोर, आणि मी स्वतःला सांगत आलो की चिडला ते बरंच झालं, निदान तेवढं तरी मला भोगू दे. त्याच्यावर दिवस काढतोय.

पत्रं आणि मडगार्ड दोन्ही पाठवतोय. एकोणचाळीस अजून बंद आहेत. पोचा काढलाय. काय म्हणायचं ते म्हण, गप्प मात्र राहू नकोस. लोभ ठेव असं म्हणायला तोंड उरलेलं नाही.

अपराधी,
बाबा

*

दि. २१ एप्रिल

बाबांस,

नमस्कार. मडगार्ड पोचलं. मुकादमांनी त्याला मेण लावलंय, उद्या साचा काढतील. सत्तावीस होकार झाले. काम होणार आहे.

तुमचं पत्र मी चार दिवस कुणाला दाखवलं नाही, मग शिवणयंत्राच्या खणात घातलं. मी खूप ओरडले, घरात कुणी नसताना. तुमच्यासमोर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही सध्या इकडे येऊ नका. ठकीला मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिला आजोबा हवे आहेत, तिला दर आठवड्याला लिहीत जा. मला लिहू नका. मला लिहावंसं वाटलं की मी लिहीन, कधी ते माहीत नाही.

गप्प राहू नकोस म्हणालात म्हणून एक सांगते. तुम्ही भेटाल तेव्हा तोंडाने सांगायचं म्हणून ठेवलं होतं, तुम्हाला बरं वाटेल असं वाटायचं. आता कशाला सांगायचं असं वाटून दोन दिवस हे पत्र अर्धवटच पडून होतं. पण हे माझ्याजवळ ठेवून मी तरी काय करू?

तो तुमच्यावर चिडून गेला नाही, बाबा. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना मीच तुमच्या नावाने बोटं मोडत होते, की यांनी जरा पाठिंबा दिला असता तर. त्याने मला थांबवलं. म्हणाला, बाबांना काही बोलू नकोस, चाळीसांतून एकानेही उत्तर दिलं नाही, मी किती समजावलं त्यांना आणि शेवटी तेच बरोबर निघाले. त्यांना माणसं कळतात, मला कळत नाहीत. यापुढे त्यांचंच ऐकायचं असं त्याने आधीच ठरवलं होतं, आणि म्हणूनच त्या संध्याकाळी तुमच्याकडे विचारायला आला होता की जाऊ का.

सून