आंदणाचा लिलाव

प्रिय चंचल,

नीलेश खोकं आणि चिकटपट्टी आणायला गोंदियात गेला आहे. मुर्रीहून गोंदिया ते कितीसं लांब, म्हणून घाईनं लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं गेलं तर समजून घे. दर ओळीला कान दाराकडे जातो. गाडी वाजली की कागद कणकेच्या डब्याखाली आणि मी आपली तांदूळ निवडत बसलेली.

माझ्या पोरानं तुझ्यावर हात उचलला त्या दिवशी तू कपड्यांची एक पिशवी घेऊन निघालीस आणि मागे वळून पाहिलं नाहीस. बरं केलंस. आंदण मात्र इथंच राहिलं. परात, हंडा आणि पाण्याचा तो पितळी गुंड. आता कोर्टात ह्यानं लिहून दिलंय की आंदण म्हणून काही आलंच नव्हतं. तुझे वकील भांडी मागतात, तर हा विचारतो, कुठली भांडी? हे मला त्यानंच सांगितलं, तेही हसत हसत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातच त्याला मोबाइलवरच्या लिलावाचा नाद लागला. सुरुवात तुझ्या सासऱ्यांच्या रेडिओपासून झाली. ते गेल्यापासून तो वाजत नव्हताच, म्हटलं जाऊ दे. मग भिंतीवरचं घड्याळ, मग कंदील. मोठ्या शहरांतले लोक जुनं पितळ बैठकीत ठेवून त्यात फुलं खोचतात म्हणे. एक दिवस पाहते तर तुझा गुंड चिंचेनं घासून लखलखीत केलेला आणि हा अंगणात त्याचे फोटो काढतोय. तुझं नाव कोरलेली बाजू भिंतीकडे. मी म्हटलं, ती चंचलची वस्तू आहे. तर म्हणाला, ‘तुले काय करायचं हाये? कायले मधात पडून राहिली?’ आणि गुंड उचलून आपल्या कपाटात कुलूपबंद केला.

माझा हट्टही तुला ठाऊक आहे. शेजारच्या नंदाबाईंची सून रुची, तिनं माझ्या मोबाइलवर खातं उघडून दिलं आणि बोली कशी लावायची ते शिकवलं. पत्ता तिच्या माहेरचा दिला. म्हटलं, पोटच्या पोराकडून गुपचूप विकत घेते आणि तुझ्याकडे पोचवते. लिलाव दिवेलागणीला संपायचा होता. हा पुढच्या खोलीत खाटेवर, मी चुलीपुढे, दोघंही मोबाइलला चिकटलेले.

पण आणखी कोणीतरी होता. मी बोली वाढवली की तोही वाढवायचा, जरा उसंत म्हणून देत नव्हता. नाव काही दिसत नव्हतं. मी समजले, भंगारवाला असणार, वितळवून टाकेल, मग कोरलेलं नाव कुठलं आणि काय. मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. भाजी करपली. तिकडून नीलेश ओरडतोय, ‘आई, दोन येडे भिडले! भाव चढूनच राहिला!’ मध्येच पाणी प्यायला आत आला. ‘काऊन वं आई, मोबाइलात काय पाहून राहिली?’ मी म्हटलं, भजन. शेवटी माझी ऐपत संपली. दूध विकून साठवलेलं सगळं बोलीला लावून झालं होतं. बोट तसंच मोबाइलवर राहिलं आणि लिलाव बंद झाला. तिथंच चुलीपुढे बसून रडले गं. तुझा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत गेला असंच वाटलं.

आज सकाळी त्यानं घेणाऱ्याचा पत्ता मोठ्यानं वाचला. उदाराम, तिरोडा. माझ्या हातची पळीच निसटली. लग्नात तुझ्या मामांनी गुंड आणून ठेवला तेव्हा त्यावरचं नाव मीच सगळ्या बायकांना वाचून दाखवलं होतं, ‘चंचल हीस मामा उदाराम यांजकडून’. ह्याच्या लेखी तू अजून चोरखमाऱ्याला माहेरी आहेस, तिरोड्याला मामाकडे राहतेस याचा त्याला पत्ताच नाही. आणि बायकोच्या मामाचं नाव काय, ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं. गुंड पुसताना त्याचा अंगठा त्याच नावावरून फिरत होता, चंचल, तरी तुझ्या नावापुढचं त्यानं वाचलंच नाही. मी मान खाली घालून पळी उचलली. म्हणजे तो भंगारवाला तू होतीस. आपण दोघी आपसात भांडून त्याचाच खिसा भरत बसलो. त्या शिव्या परत घेते.

गुंड बांधायचं काम त्यानं माझ्यावरच टाकलंय. पोचे पडायला नकोत म्हणून आत जुनं लुगडं भर म्हणाला. हे पत्र त्या लुगड्याच्या घडीत ठेवते आहे, वरची चिकटपट्टी तो आपल्या हातानं लावेल. सोबत माझ्या दुधाच्या पैशांची पुरचुंडी आहे. भाव माझ्यामुळे चढला, तेव्हा नाही म्हणायचं नाही. रविवारी तो परात आणि हंडा लिलावाला लावणार आहे. तू बोली लावू नकोस. दोन्ही मी कोंड्याच्या पोत्यात घालून नंदाबाईंकडे पोचवले आहेत, बसू दे शोधत. कोर्टाच्या तारखेला गुंड घेऊन ये. मीही येणार आहे. तो माझा मुलगा आहे आणि हे लिहिताना जीव तुटतो. पण तुझ्या लग्नात ते नाव मी वाचलं होतं, कोर्टातही मीच वाचीन. गाडी वाजली.

अजूनही तुझीच,
आई