आभाळाच्या दिवशीची फेरी

बा, उद्या गावच्या शाळेत मले शाल देनार हायेत, अन त्याच्या आधी तुले यक गोष्ट सांगाची हाये. तू गेला त्याले इतके वर्स झाले का तुह्यापेक्षा मीच आता म्हातारा हावो. मी सातवी नापास, लेहनं माह्या हातचं काम नाही, म्हनून लांबवत नाही. काल हेडमास्तर घरी आले. म्हने, "काका, गावात पहिली मोटर आली तेव्हाचे कंडक्टर तुम्ही. बापासाठीसुद्धा गाडी थांबवली नाही, ती गोष्ट पोरांना सांगा." मी म्हनलं, "सर, साऱ्या गावाले माहीत हाये थे." थे हासले. "तुमच्या तोंडून ऐकायची आहे." चहा थंडा करून गेले. तवापासून तू डोक्यातून उतरून नाही राह्यला. तसा तू उतरला कवा होता म्हना. जल्मभर मी मोटरीत बेल मारली, अन मोटर सुटली का मांगच्या काचातून पाह्याची सवय काही गेली नाही. सडक खाली असली तरी कोनी तरी काठी टेकत येऊन राह्यलं असं वाटे. आता घरी बसलो तरी दारातून तसंच पाह्यतो.

गावात मोटर आली थे तुह्याच पायी. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्स झाले असतीन. तवा मोटर जानेफळच्या सडकेनं सरळ निंगून जाये अन आपल्या फाट्यावर नुसती धूळ सोडे. फाटा गावापासून दीड कोस. बाळंतीन असो का तापानं फनफनलेला मानूस, खाटेवर टाकून फाट्यावर नेत. फाट्यापासून गावात सडक आनासाठी तू घरोघर फिरला. घरटी यक मानूस, यक टोपलं. नाल्यात मुरूम भरला, दगडं फोडले. बौद्धवाड्यातले मानसं आपल्या लोकायच्या रांगीत टोपले देऊ लागले तं यकाच्या कपाळाले आठ्या पडल्या. तू त्याले म्हने, "मोटरीत तुह्यासाठी येगळं बाकडं ठेवनार हायेत काय बे? यकाच बाकड्यावर बसाचं हाये ना, मंग यकाच रांगीत टोपलं उचल." त्यानं उचललं. मोटर आली तवा बायायनं तिले हळद-कुकू लावलं, अन तू दूर उभा राहून चाकं किती घासले थे पाहत होता.

सकाळी मोटर ये, पंधरा मिन्टं थांबे, अन आठाले परत मेहकरले जाये. पन गावात घड्याळ होतं कोनाजवळ? तू पारासमोर यक खांब रोवला अन जमिनीत यक दगड ठेवला. खांबाची सावली दगडाले लागली का मोटर सुटाची टैम. हिवाळ्यात दगड हिकडं सरकव, उनाळ्यात तिकडं. आठ-पंधरा दिवसाले तू डायवरचं घड्याळ इचारून दगड मिळवून घे. बाया भाकरी थापता थापता वरडत, "जाय वं, सावली कोठी आली पाहून ये." आभाळ असलं का साऱ्या गावाची पंचाईत. मंग लोकं अंदाजानं येत, अन तू बी अंदाजानंच सांगे.

त्याच मोटरीवर मले कंडक्टरकी लागली. खाकी डरेस, खांद्यावर चामड्याची थैली. चौथ्याच दिवशी मामा उशिरा आला, मी मोटर थांबवून ठेवली. तू पारावरून उठून खिडकीपाशी आला. "काऊन रे, सावली दगड सोडून गेली, दिसत नाही?" म्या म्हनलं, "मामा भाकर खाऊन राह्यला, बा. आलाच." "मामाची बैलगाडी हाये काय हे? यका मानसासाठी पन्नास मानसायची टैम खातं? कोनाची कोर्टात तारीख असन, कोनाचं लेकरू दवाखान्यात असन. मार बेल!" मोटरीतली यक बुढी म्हने, "घ्या माय, आता खरा कंडक्टर आला!" सारी मोटर खी-खी हासली. म्या बेल मारली. मामा अर्धी भाकर हातात घेऊन मांगं पळत राह्यला. त्या दिवसापासून रोज कोनी ना कोनी म्हनेच, "कंडक्टरसायेब, बाले इचारलं काय? मंग मारा बेल." आज हासू येते. तवा मी वीस-बावीसचा, आंगाची आग होये. मेहकरात खोली केली होती, घरी येनं म्या कमी केलं. सकाळी मोटर गावात उभी राहे तवा मी खालीच उतरत नोतो, तुह्याशी बोला लागू नये म्हनून. मायले वाटे, पोराले काम लय हाये.

अन थो दिवस. पाऊस नाही, नुसतं आभाळ. खांब उभा हाये, दगड पडला हाये, सावलीचा पत्ता नाही. लोकं अंदाजानं येऊन बसलेले. मी तिकिटं फाडून राह्यलो अन काचातून पाह्यतो तं तू मारुतीजवळून येऊन राह्यला. यका हातात काठी, दुसरा हात छातीवर. तू असा कवा चालत नोता. पन म्या त्याचा इचार केला नाही. माह्या मनात यकच, आता हा मोटरीत बसन अन मेहकर येईपर्यंत साऱ्यायपुढं मले शिकवत राहीन. मोटरीतल्या यका म्हाताऱ्यानं आवाज देल्ला, "अबे थांब, तुहा बा येऊन राह्यला." म्या म्हनलं, "यका मानसासाठी पन्नास मानसं थांबत नसतात." अन दोरी वढली, दोन डाव. टन, टन. त्या दिवशी कोनी हासलं नाही. मांगच्या काचातून तू दिसला. हात वर केला, मंग खाली घेतला, अन तसाच उभा राह्यला.

दुपारच्या फेरीले मेहकरून परत येतानी तू फाट्यावर दिसला, बाभळीखाली, वाहना काढून बसलेला. दुसरी कोनती गाडी भेटन म्हनून दीड कोस चालून आला होता. रातीपासून छातीत दुखे अन म्हनून दवाखान्यात निंगाला होता, थे मले तवा समजलं. डायवर मुसलमान होता, भला मानूस. थो खाली उतरला. "चाचा, मैं गाडी इधरसेच घुमाता. सीधे मेहकर." तू म्हने, "अन गावात लोकं थांबले असतीन त्यायचं काय? आधी गावात चाल." आमी तुले उचलून मोटरीत घेतलं. मोटर गावात गेली, पंधरा मिन्टं थांबली. तुहं तोंड राखेसारखं झालेलं, कपाळावर घाम. अन खिडकीपाशी मानसं जमले तं तू त्यायले काय सांगावं? "माहीच चूक. आभाळानं फसवलं, मले उशीर झाला. पन पोरगं पक्कं निंगालं, बापासाठी बी नाही थांबलं." थे बुढी, जे मले रोज चिडवे, तिनं माह्या पाठीवर हात ठेवला. "शाबास रे वाघा." मी तिकिटं फाडत राह्यलो.

तिसऱ्या दिवशी तू गेला. डाक्टर म्हने, छाती जुनीच खराब होती, यका फेरीनं काही फरक पडत नोता. त्यानं म्हनलं, म्या आयकलं, मानलं नाही. खाटेवरून नर्सबाईले बी तू तेच सांगे, पोरगं पक्कं हाये म्हनून. यक डाव म्या तोंड उघडलं होतं, "बा, त्या दिवशी..." तू म्हने, "गप. नोकरी अशीच करजो." म्या तशीच केली. पुढं कोनासाठी यक मिन्ट थांबलो नाही अन यक मिन्ट आधी सुटलो नाही. लोकं म्हनत, बापाचं नाव राखलं.

आता गावात घरटी फटफटी हाये. पन्नास मानसं यका मोटरीत जात होते, आता पन्नास मानसाले पन्नास गाड्या, अन धूर साऱ्यायच्या नाकात. मोटर येते यक डाव, अर्धी खाली. शाळेतल्या पोरी तेवढ्या तिच्या भरोशावर हायेत, ज्यायच्या घरी फटफटी पोराले भेटते, पोरीले नाही. त्याच पोरी उद्या मले हार घालनार हायेत. खांब कवाच मोडला, दगड कोनी तरी घराच्या पायव्यात घातला. तुही गोष्ट मातर मोडत नाही. लग्नात सांगतात, पारावर सांगतात. माह्याच पुढं सांगतात, अन मी मान हालवतो.

तं आयक. डायवरच्या हातात घड्याळ होतं. म्या पह्यली दोरी वढली तवा त्यानं मांगं पाह्यलं अन हळूच म्हनला, "अबी दस मिनट बाकी है." म्या म्हनलं, "चलो, भर गयी." भरली नोती. त्याच्या मांगचं बाकडं खाली होतं. त्यानं माह्याकडं पाह्यलं, तुह्याकडं पाह्यलं, तवर म्या दुसरी बेल मारली. त्यानं गाडी काढली. मरेपर्यंत त्यानं थे गोष्ट कोनाले सांगली नाही, मले बी इचारलं नाही.

तुले उशीर झाला नोता, बा. तू हळू येऊन राह्यला होता, पन टैमाच्या आधी आला होता.

मायले सांगलं नाही, बायकोले सांगलं नाही. उद्या पोरायपुढं उभं केल्यावर सांगाचं म्हनून हे लेहून पाह्यलं. नाही सांगनार, बहुतेक.