मालगाडीखालची वाट

प्रिय धीरज,

फोन सोडून आई कागद-पेन घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखशीलच. फोनवर तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझ्या तोंडातला शब्द पळवतात. आत्ता ते खत आणायला वाशिमला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. तू पुन्हा मालगाडीवर रुजू होणार, आणि साहेबांकडे आपल्याच गावावरून जाणारा सेक्शन मागितलास, हे कळल्यापासून ते पारावर मिरवून राहिलेत. "पोरगं भेलं नाई," असं ज्याला त्याला सांगतात. माझ्या घशाखाली मात्र तेव्हापासून घास उतरत नाही.

इकडे बाकी ठीक. सोयाबीन फुलावर आलंय. मेथी पावसाने अर्धी सडली, सांबार बरा आहे, तुमच्या शहरात कोथिंबीर म्हणतात तो. अंजूला मालेगावच्या दुकानात काम मिळालं, आता तुझी ही बहीण मला हिशेब शिकवते. सकाळची पॅसेंजर अजून तशीच, मनात येईल तेव्हा येते. परवा मागच्या स्टेशनातच थांबवून ठेवली होती म्हणे, पुढे कोळशाची गाडी होती. फलाटावर बसून माझी मेथी मान टाकत होती आणि मला तुझी आठवण येत होती. तू नोकरीला लागलास तेव्हा आपलं यावरूनच भांडण व्हायचं. "तुह्या कोळशाले माह्या भाजीपेक्षा कायची घाई रे?" असं मी विचारायची, आणि तू ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून मला रूळ समजावायचास. एकच रूळ, त्याच्यावर दोघींनी जायचं, मग एकीनं बाजूला उभं राहायचंच. कधी हिनं, कधी तिनं. मला ते कळायचं, पण तुला चिडवायला मजा यायची.

तेव्हाच तू एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचास, की उभ्या मालगाडीखालून जाऊ नका. गाव रुळाच्या इकडे, फलाट तिकडे, आणि स्टेशनातल्या मधल्या रुळावर मालगाडी आडवी. तिला वळसा घालायचा तर गार्डाच्या डब्यापर्यंत खडीतून तंगडतोड करायची, तोवर पॅसेंजर निघून जाते. म्हणून आधी गाठोडी खालून सरकवायची, मग आपण वाकून जायचं, हे आम्ही सासरी आल्यापासून शिकलो. गावाचा भरवसा एकच, की पॅसेंजर आल्याबिगर मालगाडी हालत नाही. तू घसा कोरडा करून सांगितलंस, की पॅसेंजर फार लेट असली तर मालगाडीला आधी सोडतात. पण पालथ्या घड्यावर पाणी. गाडी तू चालवत असलास तरी नियम आमच्या सासूचा होता.

शेजारच्या जानरावांची केशरबाई गेली त्या सकाळचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. हुरड्याचे दिवस होते. मालगाडी उभी होती आणि इंजिनात तू आहेस हे फलाटावरच्या पोरांनी ओरडून सांगितलं. आम्ही चौघीजणी पलीकडे गेलो होतो. केशरबाई मागे राहून गाठोडी सरकवत होती. मी तिला म्हटलं, लवकर ये. ती हसली. "आपल्या धीरजची गाडी हाय, तो काय आपल्याले टाकून जाईन?" तुझ्या पाठीमागे एवढे डबे, तुला ती दिसणार कुठून? पॅसेंजर फार लेट होती, तुलाच आधी सिग्नल मिळाला, तू भोंगा दिलास, गाडी हलली. ती तुझ्या भरवशावर वाकली होती रे, म्हणूनच ते शब्द मी आजवर पोटात ठेवले. तुला लहानपणी तिनंच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

चौकशीत तुझ्यावर काही आलं नाही. जानरावांनीही तुझं नाव कधी वाईट काढलं नाही. बायको गेली त्या आठवड्यात दारी येऊन म्हणाले, "त्याचा काय दोष? त्याले कसं दिसन?" आणि तू मात्र इंजिनं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये काम मागून घेतलंस, घरी येणं सोडलंस, फोनवर फक्त एकच विचारायचास, की आता सगळे वळसा घालूनच जातात ना? मी हो म्हणायची. तुझा आवाज हलका व्हायचा, म्हणून दर वेळी हो म्हणायची. त्याच भरवशावर तू हा सेक्शन मागितलास, हे मला ठाऊक आहे. ज्या जागी ते झालं तिथूनच गाडी नेऊन मन मोकळं करायचं, असं तुझं चाललं असेल. तू हट्टीच, बापासारखा.

धीरज, कोणी वळसा घालत नाही. तेराव्यापर्यंत घातला. मग एका सकाळी पॅसेंजर समोर दिसली आणि जानरावच पहिले वाकले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्यासारख्यांसाठीच असेल. तुझे बाबा रोज जातात, गुडघा धरलाय तरी. मीही जाते. काल ते अजून खालीच होते आणि डब्याला झटका बसला. मी हात धरून ओढलं, कोपर सोलून निघालं त्यांचं, तर म्हणाले, "धीरजले सांगू नको." मी ओरडले, रडले, कोणी ऐकलं नाही, आणि उद्या भाजी काढली की मी स्वतःसुद्धा वळसा घालीनच असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून हे लिहिलं. साहेबांना सांग, नागपूरकडचा सेक्शन द्या, कुठलाही द्या, हा नको. उद्या आमच्यातलं कोणी चाकाखाली आलंच आणि दुसरा ड्रायव्हर असला, तर त्याला आमची नावं माहीत नसतील, तो चार दिवसांनी जेवायला लागेल. तू पुन्हा कधीच जेवणार नाहीस.

तुझीच, आणि तूर्त तुझ्या बाबांपासून हे लपवून ठेवणारी,
आई